नदी भरलेली, रान उपाशी

जानेवारीत मरे नदी काठोकाठ भरलेली असते. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळा. पारा चाळिशीला टेकलेला, कित्येक आठवड्यांत पाऊस नाही, आणि नदी मात्र दोन्ही काठांना लागून, गढूळ हिरव्या रंगाची, संथ चाललेली. बार्माच्या पुलावरून पाहिलं तर या मुलखाला पाण्याची ददात नाही, असंच कुणीही म्हणेल. पूल उतरून रानात शिरावं तर पायाखाली धूळ. वाळलेल्या पानांचा आणि सोललेल्या सालींचा घोटाभर थर, पाऊल टाकलं की कडकडा मोडणारा. ओढ्यांच्या पात्रांत चिखल वाळून त्याच्या खपल्या सुटलेल्या. कितीतरी झाडांचे शेंडे उघडे पडलेले, पान नसलेले.

नदीतलं पाणी घटलं की काठचं रान वाळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे मात्र नदी आटलेली दिसत नाही. वर्षभरात समुद्राकडे जाणारं पाणी पुष्कळ घटलं आहे, आणि जे उरलं त्याची वेळ बदलली आहे. रानाला लागतो तो वसंतातला पूर, काठ ओलांडून झाडांत पसरणारा. तो नाहीसा झाला आहे.

बार्मा आणि मिलेवा ही एकाच रानाची दोन नावं. मरे नदी इथे व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांची सीमा आहे. दक्षिण काठचं ते बार्मा, उत्तर काठचं ते मिलेवा. दोन्ही मिळून सुमारे ६६ हजार हेक्टर. रिव्हर रेड गम या झाडाचं एवढं मोठं रान जगात दुसरं नाही. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत बार्मा १९८२ साली गेलं, आणि २०१० साली दोन्ही राज्यांनी आपापल्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. मेलबर्नहून हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. माझा मामेभाऊ तिथे राहतो, त्याने गाडी काढली. रानात शिरल्या शिरल्या त्याने एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. “ताई, ही तर आपली निलगिरी!”

निलगिरीच ती. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस. ऑस्ट्रेलियाबाहेर जगभर निलगिरीच्या ज्या जाती लावल्या गेल्या त्यांत ही पुढे आहे, आणि भारतातही ती पुष्कळ लावली गेली. सामाजिक वनीकरणाच्या काळात महाराष्ट्रात बांधांवर, पडीक जमिनींवर निलगिरी उभी राहिली, आणि पाठोपाठ तिची बदनामीही झाली. विहिरी आटवते, जमिनीतली ओल ओढून घेते, खाली काही उगवू देत नाही. कर्नाटकाने २०१७ साली तिच्या नव्या लागवडीवर बंदीच घातली. या तक्रारी खोट्या नाहीत. पण ज्या झाडाला आपण पाणी पितं म्हणून नावं ठेवतो ते आपल्या माहेरी पाण्यावाचून मरताना पाहिलं, की त्याची तहान कशी घडली ते कळतं. या भागात वर्षाकाठी साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशाच्या जवळपास. एवढ्या पावसावर तीस मीटर उंचीची झाडं उभी राहत नाहीत. ती उभी राहिली पुरावर. पूर आला की कित्येक आठवडे, कधी महिने पाण्यात उभं राहायचं. मुळांखालची जमीन खोलवर भिजली की तो साठा पुढची दोन-तीन वर्षं पुरवून पुरवून वापरायचा. तेवढ्यात दुसरा पूर यायचा. पाण्याला खोलवर जाऊन भिडणारी मुळं तिने या हिशोबासाठी कमावली. पूर कधीच न येणाऱ्या कोरडवाहू रानात तीच झाडं दाटीवाटीने लावली, तर ती दुसरं काय करणार?

एका जुन्या झाडापाशी मी बराच वेळ थांबले. बुंधा तिघांच्या कवेत मावणार नाही असा. बुडाशी साल काळपट, खडबडीत. वर गुळगुळीत, राखाडी, साय-पांढरी, मधूनच तांबूस. माझ्या छातीच्या उंचीवर खोडाभोवती एक गडद रेघ होती. तीच शेजारच्या झाडावर, त्याच्या पलीकडच्या झाडावरही. जमीन जिथे खोलगट होती तिथल्या झाडांवर ती डोक्याच्या वर गेलेली, उंचवट्यावरच्या झाडांवर गुडघ्याशी उतरलेली. झाडं खाली-वर, रेघ मात्र सगळीकडे एका पातळीत. मागच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढून थांबलं होतं त्याची ती खूण. रेघेच्या जरा खाली बारीक, वाळलेल्या मुळांचे झुबके लोंबत होते. पाणी फार दिवस राहिलं आणि मातीतल्या मुळांना हवा मिळेना झाली, की रेड गम खोडावर, पाण्याच्या पातळीशी नवी मुळं काढतो. पूर सोसायची एवढी तयारी असलेलं हे झाड.

मग मान वर केली. शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या होत्या आणि खोडाच्या मध्यावर सालीतून पानांचे दाट गुच्छ फुटलेले. लांबून पाहणाऱ्याला ती पालवी वाटते. पालवी फुटली म्हणून झाड सावरलं, असं मात्र समजू नये. पाणी पुरेनासं झालं की रेड गम आधी पानं गाळतो, मग शेंडा सोडून देतो, आणि उरलेल्या ओलीवर जगता येईल एवढीच पानं खोडातून काढतो. पूर आला तर या धुमाऱ्यांतून नवा शेंडा घडतो. पुराची दोन-तीन आवर्तनं चुकली तर हे धुमारेही वाळतात. मोठं झाड मरायला अशी वर्षंच्या वर्षं लागतात. त्यामुळे रान मरतंय हे लोकांच्या ध्यानात यायला उशीर होतो.

त्याहून उशिरा ध्यानात येतं ते रोपांचं न येणं. रेड गमचं बी मिलिमीटरभराचं. ते शेंड्यातल्या बोंडांत महिनोन्महिने थांबून राहतं आणि वसंत-उन्हाळ्यात गळतं. पूर ओसरण्याचा काळही तोच. पाणी मागे हटत जातं तसा उघडा चिखल मिळत जातो आणि त्यावर बी पडतं. उजनीच्या काठाला पाणी उतरेल तसतशी गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला हा मेळ सांगायला नको. पुढचं सगळं घाईचं असतं. चिखलाची ओल खाली खाली सरकते आणि रोपाच्या मुळाला तिच्या मागोमाग जावं लागतं. उन्हाळा तापायच्या आत मूळ पुरेसं खोल गेलं तर रोप वाचलं. पूर आलाच नाही तर बी वाळक्या पाचोळ्यावर पडून वाया जातं. पूर लवकर आटपला तर रोपं उगवतात आणि करपतात. नको त्या वेळी पुन्हा पाणी आलं तर बोटभर रोपं बुडून मरतात. म्हणजे पाणी किती यावं याच्याइतकंच ते कधी यावं आणि कोणत्या चालीने परत जावं, हेही ठरलेलं आहे. जुन्या झाडांच्या ढोलींत सुपर्ब पॅरट नावाचा हिरवा, पिवळ्या गळ्याचा पोपट घरटं करतो. तसली ढोल तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. आज रुजलेलं रोप पोपटाच्या कामाला येईल ते पुढच्या शतकात.

ही वेळ बिघडली कशी?

मरे नदी ऑस्ट्रेलियन आल्प्समध्ये उगवते आणि अडीच हजार किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राला मिळते. हिवाळ्याचा पाऊस आणि वितळणारं बर्फ यांनी ती जुलैपासून चढू लागायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे नवरात्र-दिवाळीचे दिवस असतात तेव्हा, तिचं पाणी रानात पसरलेलं असायचं. उन्हाळा लागला की ते ओसरायचं, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस नदी पार रोडावून जायची. १९१९ साली ऑल्बरीजवळ ह्यूम धरणाचं काम निघालं, १९३६ साली ते पुरं झालं, पुढे त्याची उंचीही वाढवली. आजची क्षमता ३,००५ गिगालिटर. आपल्या हिशोबात १०६ टीएमसी, म्हणजे कोयनेएवढी. १९३९ साली खाली यारावोंगाला बंधारा झाला, कालव्यांची तोंडं तिथे आहेत. १९७९ साली वरच्या उपनदीवर डार्टमाउथ धरण झालं, ते ह्यूमहूनही मोठं. शिवाय स्नोई पर्वतरांगांतल्या योजनेने, १९४९ ते १९७४ या काळात, पूर्वेकडे वाहणारं पाणी बोगद्यांतून इकडे वळवलं.

हिवाळ्याचं पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात सोडायचं, हेच धरणाचं काम. पण त्यामुळे नदीचं वर्ष उलटं झालं. पूर्वी जेव्हा भरायची तेव्हा आता तिचं पाणी धरणात अडतं. पूर्वी जेव्हा रोडावायची तेव्हा आता ती काठोकाठ चालते. जानेवारीत पुलावरून दिसणारी भरलेली नदी म्हणजे एक लांबलचक उन्हाळी आवर्तन आहे. ते चाललेलं असतं भातासाठी, दुभत्या गायींच्या कुरणांसाठी, द्राक्ष-संत्र्यांसाठी, आणि गेल्या वीसेक वर्षांत झपाट्याने वाढलेल्या बदामाच्या बागांसाठी. बदामाला पाणी लागतं ते उन्हाळ्यातच, आणि या बागा बहुतेक रानाच्या खालच्या अंगाला, शेकडो किलोमीटर पुढे आहेत. त्यातला बराच माल भारतात येतो. २०२२ च्या अखेरीस भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला, त्यात ठरावीक कोट्यापर्यंत बदामावरचं आयातशुल्क निम्म्यावर आलं. या दिवाळीत घरी आलेल्या सुक्यामेव्याच्या डब्यात मरेच्या पाण्यावर वाढलेले बदाम असू शकतात. ही नदी आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही.

बदामाच्या बागांकडे जाणाऱ्या बऱ्याच पाण्याला या रानातूनच जावं लागतं, आणि नेमकी इथेच नदी सर्वांत अरुंद आहे. या जागेला बार्मा चोक म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी इथली जमीन कॅडेल प्रस्तरभंगाच्या रेषेत वर उचलली गेली आणि वाहत्या नदीच्या वाटेत आडवी भिंत उभी राहिली. पाणी तुंबलं, पसरलं, वाटा शोधत उत्तरेला आणि दक्षिणेला फाटलं. रान पूरमैदानावर एवढं पसरलं त्याचं मूळ या उचललेल्या जमिनीत आहे. आजचं मरेचं पात्र त्या मानाने तरुण आहे. इथल्या योर्ता योर्ता आदिवासींच्या मौखिक परंपरेत या घटनेची आठवण आहे: पाणी कोंडलं तेव्हा पूर्वजांनी खणायच्या काठ्यांनी चर खोदून त्याला वाट करून दिली. नदीला ते धुंगाला म्हणतात.

चोकमधून काठ न ओलांडता दिवसाला सात हजार मेगालिटरच्या आसपास पाणी जाऊ शकतं. म्हणजे जेमतेम २,९०० क्यूसेक. खडकवासल्यातून पावसाळ्यात मुठेत जो विसर्ग सोडतात त्याच्या मानाने हे काहीच नाही. आणि ही वाट आणखी अरुंद होत चालली आहे. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींसाठी वरच्या डोंगरउतारांची जी उकराउकरी झाली, जी जंगलतोड झाली, तिची वाळू आजही नदीच्या तळातून हळूहळू खाली सरकते आहे. यारावोंगा ते पिकनिक पॉइंट या पट्ट्यात अशी दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू साठल्याचा अंदाज मरे-डार्लिंग खोरे प्राधिकरणाने काढला. १९८० च्या दशकापासून या पट्ट्याची वहनक्षमता सुमारे एक-पंचमांशाने घटली. मागणी वाढते आहे, वाट आकसते आहे. त्यामुळे उन्हाळाभर नदी अगदी काठाशी टेकवून चालवावी लागते.

आणि काठाशी टेकलेल्या नदीत एक घोळ नेमाने होतो. खालच्या शेतकऱ्याने पाण्याची मागणी नोंदवली की ह्यूममधून पाणी सुटतं. ते यारावोंगाला पोहोचायलाच काही दिवस लागतात. तेवढ्यात शेतावर पाऊस झाला तर शेतकरी मागणी रद्द करतो. त्याचं बरोबरच आहे. भिजलेल्या शेताला पाणी कोण देईल? पण पाणी तर वाटेत आहे. ते मागे फिरवता येत नाही, चोकमध्ये मावत नाही. मग ते रानातल्या सखल भागात शिरतं, ऐन जानेवारीत. रानाला उन्हाळ्यात कोरडं पडायची सवय. सखल जागा आता वर्षभर ओल्या राहतात, आणि वसंतातला मोठा पूर येत नसल्याने उंचावरच्या जागा वर्षानुवर्षं कोरड्या. एकाच रानाचा एक भाग पाण्याने कुजतो आणि दुसरा पाण्यावाचून वाळतो. पाण्याच्या हिशोबवह्यांत रानात शिरलेलं हे पाणी कित्येक वर्षं ‘नुकसान’ या सदरात मांडलं जायचं. आपल्याकडेही समुद्राला मिळणारं पाणी वाया गेलं असं सर्रास म्हणतात. त्या दोन बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती मला धोक्याची वाटते.

याची सगळ्यांत मोठी किंमत झाडांच्या आधी गवताने मोजली. या रानात मधूनमधून मोकळी कुरणं होती, मोइरा गवताची. हे गवत पाण्याबरोबर वाढतं. पूर चढेल तसे त्याचे देठ लांबत जातात आणि पृष्ठभागावर हिरवा तवंग पसरावा तसं ते तरंगतं. त्यात मासे अंडी घालतात, पाणपक्षी चरतात. पाणी ओसरलं की ते जमिनीवर लोळतं आणि पुढच्या पुराची वाट पाहतं. ही जात भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पाणथळ जागांत सापडते. या गवताला काही महिने खोल पाणी हवं आणि मग पूर्ण कोरड हवी. बार्मामध्ये १९३० च्या दशकात ही कुरणं हजारो हेक्टरांवर होती. आता त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त गेली आहेत. सततच्या ओलीत जायंट रश नावाचा दोन पुरुष उंचीचा लव्हाळा माजला. जिथे पूर उथळ झाला तिथे खुद्द रेड गमची रोपं कुरणात घुसली, कारण त्यांना बुडवून मारणारं खोल पाणी आता येत नाही. उरलेलं गवत रानटी घोड्यांनी तुडवलं. कुरणात घुसलेल्या या रोपांमुळे रानाच्या काही भागात रेड गमची संख्या वाढलेली दिसते, आणि ‘मग झाडं मरताहेत कुठे?’ असं विचारणाऱ्यांना आयताच मुद्दा मिळतो. मोकळ्या कुरणात दाटीने उगवलेल्या, वेतासारख्या बारीक झाडांनी रान भरून निघत नाही. मोकळं कुरण हेही रानाचंच अंग होतं.

फार पाण्याने रेड गमचं काय होतं ते पाहायचं तर यारावोंगाच्या बंधाऱ्यामागच्या मलवाला जलाशयावर जावं. १९३९ साली पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या रानाचे बुंधे पाण्यातून अजून वर आलेले दिसतात, हजारोंनी, पांढरे, निष्पर्ण. लोक त्यांच्यामधून बोटी हाकतात. पूर सोसणारं हे झाड कायमचं पाणी सोसू शकत नाही.

१९९७ च्या सुमारास पाऊस हटला आणि २००९-१० पर्यंत पुरता परतला नाही. ऑस्ट्रेलियन लोक याला मिलेनियम दुष्काळ म्हणतात. धरणांनी आधीच लांबवलेलं पुरांमधलं अंतर दुष्काळाने आणखी ताणलं. मरेच्या खालच्या पट्ट्यात मैलोन्‌मैल रेड गम वाळले. नदीच्या मुखाशी वाळू साचून तोंड बुजू लागलं, आणि २००२ साली ते उघडं ठेवायला ड्रेजर लावावे लागले. तेव्हा सरकारं हलली. २००४ साली ‘लिव्हिंग मरे’ हा कार्यक्रम आखला गेला. खोऱ्यातल्या सहा जागा निवडल्या, आणि त्यांच्यासाठी ५०० गिगालिटर पाणी मिळवायचं ठरलं. बार्मा-मिलेवा त्यांतलं एक.

इथे पाणी मिळवायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क वेगळे आहेत. जमीन एकाची, तिच्यावरचं पाणी विकून टाकलेलं, दुसऱ्याच कंपनीच्या नावावर, असं सर्रास चालतं. पाण्याच्या हक्काची रोज खरेदी-विक्री होते. म्हणून नदीसाठी पाणी हवं तर सरकारलाही बाजारात उतरून ते विकत घ्यावं लागतं, किंवा कालव्यांची गळती थांबवून वाचवावं लागतं. २००७ च्या जलकायद्याने त्यासाठी राष्ट्रकुल पर्यावरणीय जलधारक असं पदच निर्माण केलं. नदीच्या नावावर पाण्याचा हक्क आणि तो सांभाळायला एक अधिकारी, ही व्यवस्था मला मोलाची वाटते.

हे पाणी नीट सोडलं तर काय होतं ते २००५-०६ साली दिसलं. वसंतात नदीला थोडा नैसर्गिक चढ आला; त्याच्या पाठीवर धरणातून रानासाठी राखलेलं पाणी सोडलं, एकूण ५१३ गिगालिटर, म्हणजे १८ टीएमसी. रानाचा मोठा भाग भिजला. बगळे, शराटी, चमचे यांच्या वसाहती बसल्या. खरी कसोटी पुढे होती. घरट्यांखालचं पाणी अचानक उतरलं की हे पक्षी अंडी-पिल्लं टाकून निघून जातात. म्हणून पिल्लं उडेपर्यंत पातळी धरून ठेवावी लागते, रोजच्या रोज दरवाजे थोडेथोडे हलवून. त्या वर्षी ती धरून ठेवली गेली.

२०१०-११ साली उलटा अनुभव आला. दुष्काळ फिटला आणि मोठा पूर आला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण दहा-बारा वर्षं रानात पाचोळा साचत गेला होता; पूर्वीचे पूर तो दर एक-दोन वर्षांनी थोडाथोडा धुऊन न्यायचे. आता सगळा एकदम उबदार पाण्यात भिजला. पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं काळं झालं. त्यातला पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंनी प्राणवायू संपवून टाकला, आणि ते काळं पाणी नदीत उतरलं तसे शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. मरे क्रेफिश हा शेवंडाच्या जातकुळीतला काटेरी जीव थंड, वाहत्या पाण्यात राहणारा. तो श्वासासाठी पाणी सोडून काठांवर चढून आला. हिवाळ्यात थंड पाण्याचा पूर आला असता तर पाचोळा सावकाश कुजला असता, आणि त्यातलं अन्न माशांना मिळालं असतं. पूर परत आला म्हणून देणं फिटलं, असं होत नाही. किती वर्षं चुकली आणि परतलेला पूर कोणत्या ऋतूत आला, यावर ते ठरतं.

२०१० च्या ऑक्टोबरात संपूर्ण खोऱ्याच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. पाणी विकत घेतलं गेलं की विकणाऱ्याला पैसे मिळतात. पण त्याच्या शेजाऱ्याच्या कालव्याचा देखभाल खर्च वाढतो, गावातली भाताची गिरणी अर्धा हंगाम बंद राहते, शाळेतली मुलं कमी होतात. हा राग खरा आहे आणि तो समजून न घेता रानाबद्दल बोलणं मला पटत नाही. २०१२ साली आराखडा मंजूर झाला, २,७५० गिगालिटर पाणी नदीला परत द्यायचं उद्दिष्ट ठेवून. त्यावर आणखी ४५० गिगालिटरची तरतूद आली. २०१५ साली खरेदीवर मर्यादा घातली गेली, २०२३ च्या कायद्याने ती उठवली. व्हिक्टोरियाचा खरेदीला विरोध कायम आहे.

काही ठिकाणी पुराची जागा यंत्रांनी घेतली आहे. मिलड्यूराजवळ हट्टा सरोवरांत पाणी चढवायला मोठं पंपगृह बांधलं, दिवसाला हजार मेगालिटर उपसणारं. नदी खाली आहे, तळी वर. पंप लावले तर थोड्या पाण्यात पुष्कळ झाडं भिजतात. तिथले रेड गम सावरले, हे मान्य करायला हवं. पण पंपाने भरलेल्या तळ्यात नदी येत नाही. मासे ये-जा करत नाहीत, पाचोळ्यातलं अन्न नदीला मिळत नाही, बी वाहून दुसरीकडे रुजत नाही. शिवाय पंप पोहोचतात तेवढ्याच कुंपणापुरतं रान जगतं. बाकीचं किती सोडून द्यायचं, हा निर्णय त्यात न बोलता घेतला जातो.

हे रान कुणाचं, हाही प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. इथे काही बुंध्यांवर लांबट, दोन्ही टोकांना निमुळते व्रण दिसतात. योर्ता योर्ता लोकांनी नावेसाठी सालीचा एकसंध पत्रा काढून घेतला त्याचे ते व्रण. कडा पिढ्यान्‌पिढ्या भरत आल्या आहेत आणि झाड जिवंत आहे. वसाहतकाळात याच रेड गमवर करवती चालल्या. मरेकाठच्या इचुका बंदराचा १८६५ सालचा धक्का त्याच लाकडाचा, तिथल्या आगबोटींचं जळणही तेच, आणि रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपरही. योर्ता योर्तांनी १९९४ साली आपल्या पारंपरिक हक्कासाठी दावा लावला. १९९८ साली न्यायालयाने तो फेटाळला. वसाहतीच्या काळात त्यांची परंपरा खंडित झाली, इतिहासाच्या लाटेत हक्क धुऊन गेला, असा निष्कर्ष निघाला. २००२ साली सर्वोच्च पातळीवरही तोच कायम झाला. ज्यांच्या स्मृतीत नदीची वाट बदलल्याची गोष्ट आहे, त्यांची परंपरा तुटली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २०१० साली बार्मा उद्यानाच्या संयुक्त व्यवस्थापनाचा करार झाला. जमिनीच्या कारभारात वाटा आला. पाण्यात मात्र नाही म्हणावं इतकाच. न्यू साउथ वेल्समधल्या खोऱ्यात आदिवासी संस्थांच्या मालकीचं पाणी एकूण उपलब्ध पाण्याच्या सुमारे ०.२ टक्के आहे.

आणि सध्याची सगळ्यांत मोठी अडचण पाणी मिळवण्याची नाहीच. नदीच्या नावावर आता बरंच पाणी आहे. ते रानापर्यंत नेण्याची वाट बंद आहे. उंचावरची झाडं भिजवायची तर नदी काठाबाहेर काढावी लागेल, आणि ह्यूम ते यारावोंगा या पट्ट्यात दिवसाला २५ हजार मेगालिटरहून, म्हणजे दहा हजार क्यूसेकहून जास्त पाणी ठरवून सोडता येत नाही. त्यापुढे काठची खाजगी कुरणं बुडतात, बुटके पूल पाण्याखाली जातात. रानाबाहेरच्या एका पशुपालकाशी आमचं कुंपणाशी उभ्या उभ्या बोलणं झालं. त्याची भीती अगदी साधी होती. सोडलेल्या पाण्यावर वरून पाऊस झाला तर? आठवडाभराचं पाणी तीन आठवडे राहिलं आणि कुरण कुजलं तर भरपाई कोण देणार, आणि किती दिवसांनी? २०२२ च्या ऑक्टोबरात इचुका गावाने ऐन वस्तीतून मातीचा बांध घातला आणि काही घरं बांधाच्या नदीकडच्या अंगाला राहिली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा माणसाला पर्यावरणाचं महत्त्व पटवत बसण्यात अर्थ नाही. त्याला हवा आहे कायदेशीर करार: कोणती जमीन, किती दिवस, वर्षाच्या कोणत्या महिन्यात, किती उंचीपर्यंत, आणि त्याबद्दल आधीच ठरलेली रक्कम. पूल उंच करावे लागतील, पलीकडच्या कुरणातली जनावरं अलीकडे आणायला वेळेवर सूचना द्यावी लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे समारंभ होत नाहीत, म्हणून दहा वर्षांहून जास्त काळ ते चर्चेतच आहे. पंपगृहाचं उद्घाटन करता येतं. शेकडो शेतकऱ्यांशी एकेक करून केलेल्या कराराचं करता येत नाही. माझ्या मते मात्र बार्मा-मिलेवाच्या वरच्या अंगाचे रेड गम जगणार की नाही, हे त्या करारांवर अवलंबून आहे, आणि त्यांच्यासाठी लागणारा पैसा पुढच्या धरण-पंपांच्या यादीत सगळ्यांत आधी धरायला हवा.